बावांनी शिवलेलं मंजूर

माझ्या बावांनी सगळ्या जन्मात एकदाच कमरेला बकऱ्यांची खुरं बांधली, आणि नेमकी त्याच दुपारी मला बघायला माणसं आली. ही गोष्ट मी नातीला सांगते तेव्हा ती मोबाइलवरून मान वर न करता म्हणते, "नानी, यू आर मेकिंग धिस अप." तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीतून येतं. तिच्या दोहातल्या, अल थुमाम वस्तीतल्या घरावरून विमानं इतकी खालून जातात की कपातल्या चहावरची साय थरथरते. अशा घरात बसून खुरांची गोष्ट सांगायची म्हणजे मलाच ती अधूनमधून खोटी वाटू लागते. पण मी ती रचली असती तर स्वतःला तिच्यात जरा बरं दाखवलं नसतं का?

तेव्हा आमचं घर दोहाच्या जुन्या बाजारामागच्या गल्लीत होतं. पुढची खोली बावांचं दुकान, मागे अंगण, अंगणापलीकडे दोन खोल्या. गावाकडे, रत्नागिरीच्या खाडीकाठी, बावा नुसते इब्राहीम होते. इथे अरब, इराणी, मलबारी सगळे त्यांना 'मास्तर' म्हणत, आणि हे मास्तरपण त्यांनी पुरतं अंगावर चढवलं होतं. गळ्यात टेप, कानावर खडू, बोटात अंगुस्तान. अंगुस्तान ते नमाजाला तेवढं काढत. जेवताना कधी कधी विसरत, मग ताटलीच्या कडेवर ते टकटक वाजे आणि आई म्हणे, "भाकरी शिवायची नाय, खायची हाय." आई दिवसभर अंगणात असायची. तव्यावर तांदळाची भाकरी, शेगडीत भाजलेली सुकट, दुपारी भिंतीच्या सावलीत बसून निवडलेले तांदूळ. समुद्रावरून वारा आला की खारट वास यायचा, वाळवंटाकडून आला की दातांखाली वाळू यायची, आणि आईची भाकरी दोन्ही वाऱ्यांत तशीच गोल यायची.

बावांना घरात गाणं चालत नसे. कारण म्हणून ते धर्म पुढे करत, पण खरं कारण एक पँट होती. आमच्या गल्लीच्या टोकाला तंबुऱ्याचं घर होतं, आणि तिथे शुक्रवारी असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहराच्या, नमाजानंतर ढोल सुरू झाले की बावांचा पायडलवरचा पाय आपोआप त्या ठेक्याला लागे. एकदा तेलाच्या कंपनीतल्या एका गोऱ्या साहेबाची पँट अशीच शिवली गेली: तीन टाके बारीक, एक लांब, तीन बारीक, एक लांब. साहेब ती घालून जेवायला बसला आणि प्रत्येक लांब टाक्याशी ती उसवली. साहेब हसला, पण बावा हसले नाहीत. त्या दिवसापासून शुक्रवारी असरनंतर मशीन बंद, आणि बावा कानात कापूस घालून बटणं लावत बसत.

शेजारी उस्ताद हाशिम राहायचे. सुदानहून आलेले, मुलांच्या शाळेत गणित शिकवायचे. उंच, काळे, कडक इस्त्रीचे, आणि दोहात तेव्हा दुर्मीळ असलेला मोठा रेडिओ बाळगणारे. त्याची तार त्यांनी आपल्या गच्चीवरून आमच्या गच्चीपर्यंत ताणली होती. आईने ती पहिल्याच दिवशी कपडे वाळत घालायला घेतली. त्यातून असा शोध लागला की बावांचा ओला पायजमा तारेवर असला की सुदानातलं ओमदुरमानचं स्टेशन स्वच्छ लागतं, आणि पायजमा वाळला की ओमदुरमान खरखरत निघून जातं. मग दिवस बुडाल्यावर, मगरिबनंतर उस्ताद आमच्या दाराशी येत, खाकरत, आणि मला अत्यंत अदबीने विचारत, "बेटी, आज मास्तरांचा पायजमा धुतला का?" मला गल्लीत खेळून अरबी येत होती, आईबावांना बाजारापुरतीच. त्यामुळे हा प्रश्न बावांना मराठीत सांगायचं काम माझ्याकडे असे. बावा दर वेळी लाल होत, आणि आई गुपचूप पायजमा भिजवायला घेई.

त्या ओल्या पायजम्यातून मी सुदानची गाणी ऐकली. व्हायोलिनं, अकॉर्डियन, ऊद नावाचं तंतुवाद्य, आणि मध्येच एक पुरुषी आवाज, सावकाश चालत येणाऱ्या माणसासारखा. उस्ताद सांगत की त्यांच्या गाण्यात पाचच सूर असतात. "बाकीचे दोन कुठे गेले?" मी एकदा विचारलं. "इजिप्तने ठेवून घेतले," ते गंभीरपणे म्हणाले. एखादी ओळ आवडली की ते उजवा हात डोक्यावर नेऊन चुटकी वाजवत. त्यांच्या लहानपणी ओमदुरमानात नुसत्या टाळ्यांवर गाणी म्हणत, शुक्रवारी संध्याकाळी दर्वेशी फकीर ढोलावर गोल फिरत, हे सगळं ते सांगत, पण आता तिथे वाद्यवृंद आहे, नोटेशन आहे, हे सांगताना त्यांची पाठ ताठ होई. त्यांची बायको नफीसा मुलींच्या शाळेत शिकवायची. ती मला अंगणात कबुतरीचा नाच शिकवायची: छाती पुढे, मान मागे, हात पाठीशी पंखांसारखे, आणि पाय जमिनीवरून उचलायचेच नाहीत. तिकडे लग्नात नवरी असं नाचते म्हणे. ढोल म्हणून आमचं घमेलं उपडं असायचं. नफीसाने एकदा आईला करकदेची लाल वाळकी फुलं दिली. आईने वास घेतला, "ही तर आमची कोकमंच," म्हणाली आणि बांगड्याच्या सारात टाकली. नफीसा ते सार दोन वाट्या प्यायली आणि हे सुदानी जेवण कुठे शिकलात, असं विचारू लागली.

अशा घरात बू मबरूक आले. तंबुऱ्याच्या घराचे ते म्होरके. पांढरी दाढी, दारात मावणार नाही असे खांदे. तरुणपणी मोत्यांच्या होड्यांवरून पाण्यात बुड्या मारून मारून त्यांचा एक कान गेला होता. त्यांच्या आजीला लहान मुलगी असताना कुणीतरी सुदानातून उचलून होडीत घातलं होतं. ती इथे विकली गेली, तिची मुलं, नातवंडं दुसऱ्यांच्या मालकीची म्हणून जन्माला आली. थोड्याच वर्षांपूर्वी या सगळ्यांना मोकळं केलं होतं. आजीबरोबर आलेल्या माणसांनी गाणी तेवढी आणली, आणि ती शुक्रवारी त्या घरात म्हटली जात. तंबुरा म्हणजे आपल्याकडचा तंबोरा नव्हे. चामडं ताणलेलं लाकडाचं मोठं वाडगं, त्यातून वर निघालेले दोन दांडे, आडव्या काठीला बांधलेल्या आतड्याच्या सहा दोऱ्या, आणि दांड्यांवर रंगीत फडकी नि कवड्या. तो शिंगाच्या तुकड्याने वाजवतात.

बू मबरूकनी चादरीतलं गाठोडं बावांच्या कापायच्या मेजावर सोडलं. आतून कुजलेल्या कापडाचे तुकडे आणि बकऱ्यांच्या खुरांचा ढीग बाहेर पडला. दोहात कधी नव्हे तो पाऊस पडला होता, तंबुऱ्याच्या घराचं छत गळलं होतं.

"मंजूर," ते म्हणाले.

बावांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं की नाचणारा कमरेला बांधतो त्या पट्ट्याला हे लोक मंजूर म्हणतात, त्यावर शेकड्यांनी खुरं शिवलेली असतात, कंबर हलली की ती वाजतात, आणि हे गाणं त्याशिवाय पुरं होत नाही. हा पट्टा कुजला, खुरंही बरीच फुटली, नवा शिवून हवा आहे. बाजारातल्या बाकीच्या शिंप्यांनी वास येतो म्हणून नकार दिला होता. दोघांनी तर त्यात जिन्न असतो असंही सांगितलं होतं.

"मग माझ्याकडे कसे आले?" बावांनी विचारलं. मी तेच अरबीत विचारलं.

"तू परदेशी," बू मबरूक म्हणाले. "जिन्न असला तरी त्याला तुझी भाषा येणार नाही."

बावा नाही म्हणायलाच निघाले होते. पण त्यांनी एक खूर उचललं, कुजक्या कापडातला टाका पाहिला आणि नाक मुरडलं. "हा टाका कोणी घातलाय? यावर भार कसा राहील?" मला तेव्हाच कळलं की आता हे शिवणार. मागच्या खोलीत आईला सांगितलं, "बावांना मंजूर आलंय," तर ती हातातलं पीठ झटकत उठली. "अल्लाचे शुक्र! कुठलं स्थळ?" मेसईदच्या दाऊदभाईंकडे माझं बोलणं चालू होतं. ते तेलाच्या बंदरावर स्टोअर सांभाळत, मूळचे गुहागरकडचे, आपल्या कोकणी लोकांत त्यांचा शब्द मोठा. त्यांचा पुतण्या अझीझ तिथेच क्रेन चालवायचा. मंजूर म्हणजे खुरं, हे कळल्यावर आई पुन्हा खाली बसली.

बकरीद जवळच होती. ईदच्या दुसऱ्या दिवशी मी आणि आई घरोघर फिरून पाय गोळा करत होतो. ज्या बाया आम्हाला एरवी खजूर देत त्या टोपलीत खुरांसकट पाय टाकत आणि आईकडे अशा पाहत की बिचारीच्या घरात काय दिवस आलेत. आईच्या बिर्याणीच्या टोपात खुरं उकळली गेली. त्या टोपाबद्दल ती बावांना मरेपर्यंत ऐकवत होती. सबंध गल्लीने दोन दिवस पाये खाल्ले, मग खुरं गच्चीवर वाळत पडली, आणि त्या वासाने उस्तादांच्या रेडिओवर काही परिणाम होतो का हे पाहायला उस्ताद वर आले.

खुरं पाहून ते थिजले. "हे काय आहे?"

"सुदानचं नाचाचं सामान," मी म्हणाले.

"सुदानचं?" त्यांनी टाय सारखा केला. "बेटी, सुदानात विद्यापीठ आहे. सुदानात व्हायोलिन आहे. ही खुरं सुदानची नाहीत."

तेवढ्यात बू मबरूक खुरं तपासायला गच्चीवर चढले. पुढचा अर्धा तास मी आयुष्यात विसरणार नाही, कारण ते दोघे एकमेकांशी बोलायला तयार नव्हते. दोघांची भाषा अरबी, मध्ये मी कोकणची पोर, आणि दोघेही माझ्याकडे पाहून बोलत.

"त्याला सांग, मी स्वतः सुदानात जन्मलो."

मी वळून तेच अरबीत पुन्हा सांगितलं.

"त्याला सांग, जन्मला असेल, पण ऐकलं नाही काही. माझ्या आजीने हे इथे आणलं. त्याच्या पेटीतल्या गाण्यात खुरं कुठे आहेत?"

मी पुन्हा वळले. "ते विचारतायत, पेटीत खुरं कुठे आहेत?"

"त्याला विचार, त्याला त्याच्या गाण्याचा अर्थ तरी येतो का?"

यावर बू मबरूकनी एक खूर उचललं. मग म्हणाले, "नाही येत. आजीला येत असेल. मी विचारायच्या आत ती गेली." ते खाली बसले आणि एकेक खूर चांगल्या कानाशी धरून दुसऱ्या खुरावर आपटू लागले. खाली आल्यावर बावांनी मला विचारलं, काय भांडण होतं? मी सांगितलं, खरं सुदान कोणतं याचं. बावा विचार करून म्हणाले, "कापड एकच असेल. शिलाई वेगळी."

दोन महिने ते काम चाललं. बावा दाभणाने खुरांना भोकं पाडत, मेणाच्या दोऱ्याने ओवत. मी आवाजाप्रमाणे ढीग करायची. कोवळ्या करडाचं खूर 'चिट्' वाजतं, म्हाताऱ्या बोकडाचं 'खट्'. बू मबरूक दर आठवड्याला येत, डोळे मिटून पट्टा हलवत आणि मान हलवत: डावीकडे फार म्हातारे झाले. बावा मुकाट्याने उसवत. ज्यांनी साहेबाच्या बोलण्यावरून कधी एक बटण हलवलं नव्हतं, ते त्या एका कानाच्या सांगण्यावरून एका ओळीतली सगळी खुरं बदलत होते. शेवटी बावांनी त्यात आपलं काहीतरी घातलंच. जुन्या पट्ट्याला बांधायच्या दोऱ्या होत्या. बावांनी एका पहारेकऱ्याच्या जुन्या पट्ट्याचं जाड पितळी बक्कल मिळवून ते बसवलं. "आता सुटायचं नाव घेणार नाही," ते म्हणाले, आणि ते अगदी खरं ठरलं.

मंजूर बांधून नाचणारा सालेम मेसईदला बंदरावर काम करायचा. तो शुक्रवारीच येई. माप म्हणून त्याने गाठ मारलेली सुतळी पाठवली होती. त्या शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर बावांनी सुतळी आपल्या कमरेला लावून पाहिली, तर गाठ बरोबर जुळली. ट्रायलशिवाय कपडा द्यायचा नाही हा त्यांचा नियम. त्यांनी लुंगीवर मंजूर चढवलं, पोट आत घेतलं आणि बक्कल लावलं. मग पोट सोडलं. बक्कल आत वाकलं आणि अडकलं.

मी ओढलं, आईने ओढलं. आईने साबण लावला, खोबरेल लावलं. बावा अंगणातल्या जिन्याला धरून श्वास आत घेत आणि आम्ही दोघी पट्ट्याला लोंबकळत असू. प्रत्येक ओढीला सगळी खुरं खळाळत. दोहातल्या मांजरी कुंपणावर येऊन बसल्या. आणि त्याच वेळी दुकानाचं दार वाजलं.

"अस्सलामु अलैकुम! मास्तर आहेत का?"

दाऊदभाई. निरोपात 'जुम्म्याला येतो' म्हणाले होते, बावांनी तो पुढचा जुम्मा समजला होता. आई आत पळाली. बावांनी दुकानात शिरून हाताला लागला तो कपडा अंगावर चढवला. तो एका शेखचा अर्धवट शिवलेला पांढरा थोब, पायघोळ अरबी अंगरखा निघाला, त्याला एकच बाही होती. ते मशीनच्या मागे बसले आणि हसले. दाऊदभाई आत आले, मागून अझीझ आला. बावा सलामासाठी अर्धे उठले. खळ्ळ.

दाऊदभाईंनी मागे वळून पाहिलं. "काय पडलं?"

"बटणं," बावा म्हणाले. "बटणांचा डबा."

मी डोक्यावर ओढणी घेऊन काळ्या चहाचा ट्रे घेऊन आले तेव्हा बावांना उचकी लागली होती. ते पोट धरून बसले होते, तरी दर उचकीला लांबून एखादा टांगा यावा तसा आवाज येई.

दाऊदभाईंनी कप हातात घेतला, बावांच्या एका बाहीकडे पाहिलं, नजर वळवली. "मास्तर, तब्येत बरी आहे ना? हाडं वाजतायत."

"वय झालं," बावा म्हणाले. हिक्. खळ्ळ.

अझीझ खाली मान घालून बसला होता, पण त्याचे खांदे हलत होते. मी ट्रेकडे पाहत होते, कारण त्याच्या खांद्यांकडे पाहिलं असतं तर माझा निकाल लागला असता. दाऊदभाई खाकरले, मुलगी काय शिकली, कुराण किती झालं, असं विचारायला त्यांनी तोंड उघडलं, आणि बाहेर ढोल वाजला. गल्लीतून पंधरावीस माणसांचा आवाज आला, "मंजूर! यल्ला, मंजूर!"

दाऊदभाईंनी कप खाली ठेवला. "हे काय? मी अजून काही बोललो नाही, आणि बाहेर लोक मंजूर म्हणतायत?"

"ते मंजूर वेगळं!" पडद्याआडून आई ओरडली.

"वेगळं म्हणजे? दुसऱ्या कोणाचं मंजूर झालंय?"

"शिवून झालंय!" बावा म्हणाले, आणि त्यानंतर काही समजावून सांगण्यासारखं राहिलं नाही, कारण बू मबरूक दारातून आत आले, मागे सालेम, मागे ढोल. सालेम दाऊदभाईंना बघून म्हणाला, "अरे, तुम्ही तर आमच्याच बसमध्ये होता!" बू मबरूकनी खोलीत नजर फिरवली, बावांसमोर वाकले आणि थोबाची कड उचलली.

त्या दुपारी सगळ्यांनी ते बक्कल ओढून पाहिलं. सालेमने पाहिलं. क्रेनवाल्या अझीझने गुडघ्यावर बसून नीट पाहिलं आणि करवत लागेल असं मत दिलं. बावा ओरडले, "माझ्या शिलाईला हात लावायचा नाही!" मग बू मबरूकनी दाढी कुरवाळली आणि सांगितलं की नवं मंजूर पहिल्यांदा ज्याच्या कमरेला बसतं, त्यानेच त्याला तंबुऱ्यासमोर बोलकं करायचं असतं, नाहीतर ते कायमचं मुकं राहतं. मी हे मराठीत सांगितलं. आज मला पक्कं वाटतं की हा नियम त्यांनी तिथल्या तिथे तयार केला.

अशा रीतीने बावा गल्लीतून निघाले. गळ्यात टेप, वर खोचलेला एका बाहीचा थोब, आणि खाली आता उघडच दिसणारं मंजूर. हळू चालले तरी वाजत, भरभर चालले तर फारच वाजत. पुढे ढोल, मागे दाऊदभाई, "अहो पण मुलीचं?" असं म्हणत. मी, आई आणि अंगणातून आलेली नफीसा शेवटी. इराणी पाववाला, हमाल, सगळे उभे राहून पाहत होते आणि बावा प्रत्येकाला सलाम करत होते. दुसरं काय करणार?

तंबुऱ्याच्या घराच्या अंगणात एका बाजूला पुरुषांची रांग, एका बाजूला बायकांची. धुपाटण्यात धूप जळत होता. म्हातारे वाजवणारे तंबुऱ्यामागे बसले, शिंगाचा तुकडा दोऱ्यांवर फिरला, आणि मला धक्का बसला, कारण हे सूर मी ओळखत होते. पाचच होते. पायजम्यातून येत तेच. ढोल सुरू झाले, रांगा पुढे आल्या, मागे गेल्या, आणि मध्ये माझे बावा, ज्यांनी कानात कापूस घालून इतके शुक्रवार काढले, ते उभे होते. आधी त्यांचा उजवा पाय हलला. पायडल मारायचा पाय. तीन बारीक, एक लांब. मग कंबर त्या पायामागे गेली. डावीकडची करडं चिटचिटली, उजवीकडचे बोकड खटखटले, आणि बू मबरूकनी चांगला कान पुढे करून डोळे मिटले. उचकी कधी थांबली ते कळलं नाही. आईने ओढणीचं टोक तोंडात धरलं होतं. ती हसत होती की रडत होती ते मी विचारलं नाही. दाऊदभाई भिंतीला टेकले होते आणि त्यांची बोटं मांडीवर ठेका धरत होती. हे मी डोळ्यांनी पाहिलं, ते पुढे काहीही म्हणोत. एका झटक्यात बक्कल आपणहून उडालं, मंजूर बावांच्या पायांशी पडलं, सालेमने ते उचललं आणि साध्या दोरीने कमरेला बांधून नाच पुढे नेला. बावांची रिकामी कंबर मात्र आणखी थोडा वेळ चालूच होती.

मग ढोल हळू झाले आणि त्यांनी सगळ्यात जुनं गाणं घेतलं. ते म्हणताना सगळे माना खाली घालत, कुणी हलत नसे. शब्द अरबी नव्हते, कुणालाच कळत नव्हते. मी दाराकडे पाहिलं तर उस्ताद हाशिम उभे होते, टाय लावलेले. बहुधा बावांचा गोंधळ ऐकून आले असावेत. त्यांचा चेहरा विचित्र झाला होता. गाणं संपल्यावर ते सरळ माझ्यापाशी आले.

"बेटी, त्यांना सांग... हे मला कळलं. सगळं नाही. पण हे आमच्या नदीकाठच्या बोलीत आहे. माझी आजी बोलायची."

मी बू मबरूकना सांगितलं. बू मबरूक उठून उभे राहिले. "त्याला विचार, काय आहे? दुआ आहे ना?"

उस्तादांनी मान खाली घातली आणि मला हळूच सांगितलं. "दुआ नाही. लहान मुलांचं आहे. कोंबडी पिठात शिरली, कोंबडी पिठात शिरली, अगं पोरी, हाकल तिला." मग ते म्हणाले, "त्याला दुआ आहे असं सांग. काय बिघडतं?"

माझ्यासमोर तो म्हातारा उभा होता. सत्तर वर्षं मान खाली घालून त्याने ते म्हटलं होतं. मी आईकडे पाहिलं, बावांकडे पाहिलं, अझीझकडे पाहिलं. सगळ्यांसमोर बोलायचं होतं, आणि मला बघायला माणसं आलेली होती. खोटं सांगणं सोपं होतं आणि त्याला कुणी नावं ठेवली नसती. पण एवढी खुरं वेगळी करताना मला एक सवय लागली होती. चिट् ते चिट्, खट् ते खट्. मी मोठ्याने सांगितलं, "दुआ नाही, बू मबरूक. कोंबडी पिठात शिरली आहे. पोरीला सांगतायत, हाकल तिला."

बू मबरूकच्या तोंडातून आधी एक बारीक आवाज आला. मग ते हसू लागले. इतके हसले की सालेमने त्यांना धरून खाली बसवलं. डोळे पुसत त्यांनी पहिल्यांदाच सरळ उस्तादांकडे पाहून विचारलं, मध्ये मला न घेता, "पीठ? घरात?"

"घरात," उस्ताद म्हणाले.

"म्हणजे आमचं घर होतं," बू मबरूक म्हणाले. "कोंबडी होती. पीठ होतं."

दाऊदभाईंचा निरोप चार दिवसांनी आला. मला वाटलं होतं, बावांच्या नाचाने स्थळ मोडेल. नाचाबद्दल त्यांनी अक्षर काढलं नव्हतं. स्थळ मोडलंच, पण मुलगी परक्या पुरुषांत फार मोठ्याने बोलते, एवढंच कारण होतं. अझीझने वेगळा निरोप पाठवला होता, की करवत आणली नाही ते बरं झालं. बावांनी दाऊदभाईंचा कागद दोनदा वाचला, घडी करून मशीनच्या खणात टाकला आणि नफीसाला बोलावून घेतलं. "हिला शाळेत घ्या," ते म्हणाले. "मोठ्याने बोलतेच आहे, तर नीट तरी बोलू दे." मी ते नफीसाला अरबीत सांगितलं, स्वतःबद्दलच. पुढे तीस वर्षं मी दोहातल्या बायकांच्या दवाखान्यात हेच काम केलं. एकीचं दुखणं दुसरीच्या भाषेत सांगायचं, कमी नाही, जास्त नाही.

त्या पुढच्या शुक्रवारी बावांनी कानात कापूस घातला नाही. असर झाल्यावर आम्ही सगळे तंबुऱ्याच्या घरी गेलो. उस्ताद टाय लावून पुरुषांच्या रांगेत उभे होते, उजवा हात डोक्यावर, चुटकी तयार. सालेमच्या कमरेला दोरीने बांधलेलं मंजूर वाजत होतं. शेवटी ढोल हळू झाले, ते जुनं गाणं आलं आणि नेहमीप्रमाणे सगळ्यांनी माना खाली घातल्या. कोंबडीची ओळ आली तशी बायकांच्या रांगेतून एक म्हातारी पुढे झाली आणि ओढणी झटकून म्हणाली, "हुश्श!" मग दुसरी म्हणाली. मग सगळं अंगण त्या न दिसणाऱ्या कोंबडीला हाकलू लागलं, माझे बावा दोन्ही हातांनी. आणि बू मबरूक तंबुऱ्याशेजारी बसून गात राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते हात हलवून सगळ्यांना खुणावत होते: राहू द्या, राहू द्या, खाऊ द्या तिला.